पंप, घाम आणि लघवीची बाटली

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक झाली आणि एक ताई मागं थांबली. तिची मुलगी पहाटे अप्पर वर्धा धरणाच्या रस्त्यानं धावते. मुलीला दमा आहे. कुणीतरी मुलीला सांगितलं की मोठ्या स्पर्धेत लघवी तपासतात, पंपाचं औषध त्यात सापडलं की नाव कटते. पोरीनं भिऊन पंपच बंद केला. "ताई, रातभर खोकलते. पंप देऊ का नको देऊ?"

मी डॉक्टर नाही, इतिहास घेऊन बी.ए. केलेली बाई. म्हणून मी तिला या तपासणीचा इतिहासच सांगितला.

१९३६ साली आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू बर्लिन ऑलिम्पिकला कबड्डी दाखवून आले, तेव्हा असली तपासणी नव्हती. ऑलिम्पिकमध्ये ती १९६८ पासून सुरू झाली. आणि चारच वर्षांनी, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये, एक दमेकरी पोरगा तिच्यात सापडला. रिक डीमाँट, अमेरिकेचा जलतरणपटू, वय १६. चारशे मीटरची शर्यत त्यानं एका सेकंदाच्या शंभराव्या भागानं जिंकली. त्याच्या दम्याच्या गोळीत एफेड्रिन होतं, ते लघवीत निघालं आणि सुवर्णपदक गेलं. मला सगळ्यात लागणारी गोष्ट ही, की पोरानं आपली औषधं फॉर्मवर आधीच लिहून दिली होती. संघाच्या मोठ्या माणसांनी पुढं विचारणाच केली नाही. पुढच्या वर्षी त्यानं तीच शर्यत चार मिनिटांच्या आत पोहून दाखवली, जगात पहिल्यांदा. पदक मात्र परत मिळालं नाही.

आज दमेकऱ्यांच्या हातात असतो तो बहुधा निळा पंप. त्यातलं औषध साल्ब्युटामॉल. १९६९ साली ते इंग्लंडमध्ये बाजारात आलं. आपल्याकडं मुंबईच्या सिप्ला कंपनीचा अस्थालिन पंप घरोघरी माहीत आहे. श्वासातून घेतलेला थोडा डोस फुप्फुसं मोकळी करतो. पण गोळीनं किंवा फार मोठ्या प्रमाणात घेतलं तर ताकद वाढवायला त्याचा उपयोग होऊ शकतो, म्हणून खेळात त्याला बंदी न घालता मर्यादा घातली. लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये १,००० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त सापडलं की चौकशी होते.

घोळ इथंच आहे. एक चमचा मीठ गडूभर पाण्यात टाका आणि तेवढंच अर्ध्या कपात टाका. मीठ तेच, खारटपणा वेगळा. मे महिन्यात निंदणाला गेलेल्या बाईला दुपारी लघवी किती होते, रंग कसा असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. घामावाटे पाणी गेलं की मूत्रपिंड उरलेलं पाणी धरून ठेवतं. लघवी थोडी आणि घट्ट होते. औषध तेवढंच घेतलेलं, पण आकडा चढतो.

इटलीचा सायकलपटू अलेस्सांद्रो पेटाकी २००७ मध्ये असाच अडकला. त्याचा आकडा १,३५२ आला. घट्टपणाचा हिशोब तेव्हा नियमात नव्हता. क्रीडा लवादानं मान्य केलं की त्याचा फसवण्याचा हेतू नव्हता, तरी बंदी बसलीच. २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना दिवसाच्या परवानगीइतका, म्हणजे १,६०० मायक्रोग्रॅम डोस एकदम देऊन उकाड्यात व्यायाम करायला लावला, तर काहींचा आकडा मर्यादेपुढं गेला. मार्च २०१८ पासून लघवीचा घट्टपणा मोजून मर्यादा तेवढी वाढवून धरू लागले. त्याच सुमारास ब्रिटनच्या ख्रिस फ्रूमचं प्रकरण चालू होतं. सप्टेंबर २०१७ च्या शर्यतीतला त्याचा आकडा २,००० होता, घट्टपणा वजा करून १,४२९ उरला. जुलै २०१८ मध्ये प्रकरण बंद झालं. त्याच्याकडं वकील होते, शास्त्रज्ञ होते. आपल्या पोरींकडं कोण असणार, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सध्याचा नियम २०२२ पासूनचा आहे: चोवीस तासांत १,६०० मायक्रोग्रॅम, आणि कोणत्याही आठ तासांत ६०० च्या वर नाही. एका दाबाला १०० मायक्रोग्रॅमचा पंप असेल तर आठ तासांत सहा दाब. ही खेळाची मर्यादा झाली. आपल्याला किती घ्यायचं ते डॉक्टरच सांगतील. एवढ्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. पण दवाखान्यात मशीननं वाफ देतात, तिच्या एका डोसात बहुधा २.५ मिलिग्रॅम, म्हणजे २,५०० मायक्रोग्रॅम असतं, मर्यादेच्या पार पुढं. ती लागली तर घ्यायचीच, जीव पहिला. कागद मात्र जपून ठेवायचा आणि परवानगीचा अर्ज करायचा. खोकल्याच्या सिरपचंही लेबल वाचा. कितीतरी सिरपमध्ये साल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन असतं, आणि ते पोटातून घ्यायला विनापरवानगी बंदी आहे.

तपासणीआधी घागरभर पाणी पिऊनही भागत नाही. फार पातळ नमुना चालत नाही, पुन्हा द्यावा लागतो. तहानेप्रमाणे दिवसभर प्यायचं, एवढंच.

नमुना घेताना मागच्या सात दिवसांतली औषधं फॉर्मवर लिहायला सांगतात. ताईनं आता गटाच्या हिशोबासारखी वही केली आहे: तारीख, वेळ, किती दाब. पोरीला डॉक्टरकडं नेऊन आणलं, पंप पुन्हा सुरू झाला. परवा पहाटे ती धरणाच्या रस्त्यावर दिसली, पाण्याची बाटली कमरेला बांधलेली.