‘माणूस’ आणि सहलीचा एक दिवस

प्रेमभंग झालेल्या नायकानें पुढें काय करावें, या प्रश्नाला आपल्या रजतपटावर १९३५ सालीं मिळालेलें उत्तर कलकत्त्याहून आलें. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कादंबरीवरून प्रमथेश बारुआ यांनीं न्यू थिएटर्ससाठीं ‘देवदास’ काढला. त्याचा नायक मद्याच्या पेल्यांत आयुष्य बुडवून टाकतो. त्या विषादानें तरुण मंडळी भारून गेली. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनींतील व्ही. शांताराम यांना मात्र आत्मनाशाचें हें कौतुक रुचलें नाहीं. १९३९ सालीं प्रदर्शित झालेला ‘माणूस’, हिंदींत ‘आदमी’, हें त्यांचें प्रत्युत्तर होय.

गणपत हा साधा पोलीस शिपाई. एका धाडीच्या वेळीं तो मैना नांवाच्या गणिकेला वांचवितो आणि दोघांचा जीव एकमेकांवर जडतो. सारें कथानक अंधाऱ्या बोळांत, जिन्यांवर आणि भिंतींवर हलणाऱ्या सावल्यांतून सरकतें. ती वस्ती एरंडवण्याच्या कलागृहांत उभारलेली, हें सांगितल्यावांचून कळूं नये! कंपनी कोल्हापुराहून पुण्यास आली ती १९३३ सालीं. पुढें १९६० सालीं त्याच आवारांत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. मैनेची भूमिका शांता हुबळीकरांची. निरनिराळ्या प्रांतांच्या भाषांतील कडव्यांचें तिचें गाणें घरोघरीं पोहोंचलें. त्याला चाल मास्टर कृष्णरावांची. गणपत झालेले शाहू मोडक हे १९३२ च्या ‘श्यामसुंदर’पासून कृष्ण म्हणून लोकांच्या डोळ्यांपुढें होते. अशा नटाला शिपायाचा गणवेश चढविणें हें धाडसच होतें.

या काळोख्या चित्रांत मोकळ्या उजेडाचा प्रसंग येतो तो सहलीचा. वस्तीच्या नजरेपासून दूर, रानांत दोघें हिंडत असतांना त्यांना एका सिनेमाचें चित्रीकरण चाललेलें दिसतें. नटवे नायक-नायिका बेतीव प्रेमगीत गात असतात. ही थट्टा मुंबईच्या बाँबे टॉकीजच्या धर्तीच्या प्रेमप्रसंगांची, हें प्रेक्षकांनीं तेव्हांच ओळखलें. १९३६ च्या ‘अछूत कन्ये’तील झाडावरचें युगुलगीत त्यांच्या स्मरणांत ताजें होतें. एका कंपनीनें दुसरीला काढलेला हा चिमटा म्हणून आजवर या प्रसंगाचें कौतुक झालें. परंतु त्याचें खरें मोल निराळें आहे. त्या लटक्या प्रेमिकांच्या मार्गांत कसलाही अडसर नाहीं. त्यांना हंसणाऱ्या या दोघांचें प्रेम खरें, आणि त्यांना मात्र संध्याकाळीं त्याच वस्तींत परतावयाचें आहे.

पुढें जो नकार येतो तो गणपतच्या घराकडून नव्हे. त्याची आई भाविक आहे. ती भूमिका ख्यातनाम गायिका बाई सुंदराबाई यांनीं केली. त्या घराच्या सोज्ज्वळपणापुढेंच मैनेचा धीर खचतो. आपला पूर्वेतिहास घेऊन या उंबऱ्याआंत राहणें तिला पाप वाटतें, आणि ती निघून जाते. ज्यानें तिला हातीं धरलें त्यालाच ती नाकारते. समाजानें तिच्याविषयीं दिलेला निकाल तिनें स्वतःच खरा मानला, हें या कथेंतलें सर्वांत कठोर सत्य आहे. ‘देवदासा’त प्रेमिकांच्या आड घरचीं वडील माणसें येतात, इथें आड येतें तें मैनेचेंच मन.

शेवटीं दुष्ट मामाचा खून तिच्या हातून घडतो. तुरुंगांतून तिला सोडविण्याची गणपतची इच्छाही ती मान्य करीत नाहीं. हा तिचा दुसरा नकार. गणपत कांहीं काळ खचतो, पण देवदास होत नाहीं. तो कर्तव्याकडे वळतो. येथें शांतारामांचें उत्तर पुरें झालें. मात्र तें उत्तर पुरुषापुरतें आहे, असें म्हणावेंसें वाटतें. जगावें कसें याचा धडा गणपतला मिळाला. मैना गजांआड आहे, आणि तिनें काय करावें याविषयीं चित्रपट मौन पाळतो.