सीमावृक्ष आणि शेजाऱ्याची फांदी : वाळूज परिसराच्या निमित्ताने काही विचार

मराठवाड्याच्या ग्रामीण इतिहासात शिवेचे तंटे हा विषय अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. महजर, निवाडपत्रे व थळपत्रे यांचा मोठा भाग याच तंट्यांनी व्यापलेला असून त्यांच्या आधारे मराठेकालीन न्यायव्यवस्थेची मांडणीही झाली आहे. १९५३ साली प्रसिद्ध झालेला डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा ग्रंथ हे त्याचे ठळक उदाहरण होय. तथापि शिवेवर अथवा बांधावर उभे असलेले झाड आणि त्याची पलीकडच्या रानावर गेलेली फांदी यांचा विचार या मांडणीत सहसा येत नाही. वस्तुतः दोन शेजाऱ्यांमधील नित्याचा कलह शिवेपेक्षा फांदीवरूनच अधिक होत असला पाहिजे. बांध कोरणे हा प्रकार वर्षातून एकदा, नांगरटीच्या वेळी घडतो. फांदी मात्र बारमाही वाढत असते.

गंगापूर तालुक्यातील वाळूज व त्याच्या आसपासची गावे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष सोयीची आहेत. शेताचा बांध, मोजणीची हद्द आणि कारखान्याच्या भूखंडाची भिंत या सीमेच्या तीनही अवस्था येथे एकाच भूमीवर, एकीवर एक अशा आलेल्या आहेत. झाड आणि सीमा यांचा परस्परसंबंध या तीन अवस्थांत कसा पालटत गेला हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ धर्मशास्त्रापासून करणे क्रमप्राप्त आहे. सीमेच्या खुणा म्हणून वड, पिंपळ, पळस, सावर, साल, ताड व चिकाचे वृक्ष लावावेत असे मनूने आठव्या अध्यायात सांगितले आहे. सीमेचा वाद ज्येष्ठ महिन्यात, खुणा उघड्या दिसत असताना सोडवावा असेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. ज्याने मे महिन्यातील मराठवाड्याचे माळरान पाहिले आहे, त्याला या सूचनेतील व्यवहारज्ञान निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. नारदाने सीमेचे पाच प्रकार मानले असून त्यांत वृक्षांनी दर्शविलेल्या सीमेला 'ध्वजिनी' अशी संज्ञा दिली आहे. झाड हे सीमेचे निशाण होय, ही कल्पना या एका शब्दात सामावलेली आहे.

हे नारदवचन विज्ञानेश्वराने मिताक्षरेत उद्धृत केले आहे. मिताक्षरा ही कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६ ते ११२६) आश्रयाने रचली गेली. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याच्या सीमेलगतचेच नगर. ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका आहे, तीत वृक्षच्छेदाचे दंड दिले आहेत. मिताक्षरेच्या अर्थानुसार, पुन्हा फुटणाऱ्या वृक्षाची फांदी तोडल्यास २० पण, खोड तोडल्यास ४० पण आणि समूळ तोडल्यास ८० पण असा चढता दंड आहे. चैत्य, स्मशान, पुण्यस्थान, देवालय आणि सीमा या ठिकाणच्या वृक्षांसाठी तो दुप्पट होतो. म्हणजे सीमेवरील झाडाची नुसती फांदी तोडणारा मनुष्य आतल्या झाडाचे खोड तोडणाऱ्याइतका दोषी ठरतो. या हिशेबाकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही असे वाटते. येथे दंड लाकडाच्या किमतीवर ठरत नाही. सीमेवरचे झाड हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला इजा करणे हा मालमत्तेच्या नुकसानीहून वेगळा अपराध आहे, अशी त्यामागील भूमिका दिसते. दोन शेतांच्या सीमेवर उगवलेल्या झाडाची फुले व फळे दोन्ही क्षेत्रस्वामींना समाईक, हे कात्यायनाचे वचनही याच भूमिकेशी जुळते. साक्षीदार एका पक्षाचा असून चालत नाही.

दानपत्रांची भाषाही विचारात घेण्याजोगी आहे. राष्ट्रकूट व शिलाहार ताम्रपटांत दान दिलेले गाव 'सवृक्षमालाकुल' म्हणजे वृक्षराजीसह दिल्याचा उल्लेख येतो. मराठेशाहीतील इनामसनदांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप ही मालिका आढळते. यावरून झाड हे जमिनीबरोबर जाते हे स्पष्ट होते. मात्र ते स्वतंत्रपणे मोजले जाते हेही तितकेच स्पष्ट होते. जमीन एकाची आणि झाडाच्या फळाचा हक्क दुसऱ्याचा ही स्थिती आपल्याकडे अपवादात्मक नव्हती. भाऊबंदांच्या वाटण्यांत रान वाटले जाई आणि आंब्याचे झाड समाईक राही.

मग फांदीचे तंटे कागदावर का येत नाहीत? एक उत्तर असे संभवते की ते कागदावर येण्याच्या योग्यतेचे मानले जात नसत. महजर करावयाचा म्हणजे गोत जमवावयाचे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसवावयाचे. वतन अथवा शीव यांसाठी हे सर्व होई, आणि शिवेच्या निर्णयात गावच्या महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. शेजाऱ्याच्या लिंबाची डहाळी जोंधळ्यावर आली म्हणून गोत जमत नसे. त्याचा निकाल बांधावरच लागत असे, आणि तो कसा लागे याची कल्पना शेतीच्या रूढ व्यवहारावरून येते.

झाडाच्या सावलीने व मुळांच्या ओढीने शेजारचे पीक खुरटते, त्याला शेतकरी 'वसवा' म्हणतो. या शब्दात तक्रार आहे, परंतु तीत हद्द ओलांडल्याचा आरोप नाही. ज्याच्या पिकावर वसवा पडतो तो झाड सवळू द्यावे असे म्हणतो. आणि सवळलेला पाला शेळ्यांना, फांद्या काटवणाला व सरपणाला जातात. बाभळीच्या बाबतीत हे सहज घडते, कारण तिच्या लाकडाची आऊते होतात आणि काट्यांचे कुंपण होते. पिंपळ अथवा उंबर असेल तर मात्र कोणी कुऱ्हाड उचलीत नाही. पिंपळावर मुंजाचा वास आणि उंबराखाली दत्ताचे अधिष्ठान ही श्रद्धा येथे कायद्याहून बळकट ठरते. मनूने सीमेसाठी पिंपळ का सुचविला असावा याचे हे एक स्पष्टीकरण होऊ शकेल: ज्याला कोणी हात लावीत नाही असा साक्षीदार त्याला हवा होता.

राज्यसत्तेची वृत्ती पाहू गेल्यास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे (सुमारे १७१५-१६) स्मरण होते. आरमाराला लाकूड लागते. पण रयतेच्या आंबा-फणसांना तिच्या संमतीवाचून हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून व मोल देऊन ते घ्यावे, जबरदस्ती करू नये, असे अमात्य सांगतात. या प्रकरणाला पर्यावरणविषयक जाणिवेचे प्रमाण म्हणून उद्धृत करण्याची रीत पडली आहे. ती सर्वथा चूक नव्हे. परंतु मूळ मुद्दा झाडाचा नसून धन्याच्या संमतीचा आहे, हे नजरेआड होऊ नये.

एकोणिसाव्या शतकात हा संबंध मुळापासून बदलला. १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पद्धतीची मोजणी सुरू झाली आणि पुढे ती मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. निजामी मराठवाड्यातही त्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात याच धर्तीची मोजणी झाली. शेताला क्रमांक आला, हद्दीला दगड आले, नकाशा कचेरीत गेला. आता वाद उपस्थित झाल्यास मोजणीदार साखळी घेऊन येतो; बांधावरच्या लिंबाला कोणी विचारीत नाही. सीमेची साक्ष देण्याचे काम संपल्यावर झाडाकडे केवळ मालमत्ता म्हणून पाहिले जाऊ लागले. आणि जी वस्तू केवळ मालमत्ता असते, तिने दुसऱ्याच्या मालमत्तेत शिरणे हे अतिक्रमण ठरते.

याच सुमारास इंग्रजी न्यायतत्त्व आपल्या न्यायालयांत स्थिरावले. लेमन विरुद्ध वेब या खटल्यात १८९४ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने व पुढे हाउस ऑफ लॉर्ड्सने असा निर्णय दिला की, शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या जमिनीवर आली तर त्याच्या जमिनीत पाऊल न टाकता, सूचना न देताही ती तोडता येते. ती कितीही वर्षे तशी असली तरी झाडमालकाला कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही त्याच सुमारास हेच तत्त्व स्वीकारले. इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेच्या १९ व्या खंडात तो निर्णय आहे. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झालेला होता. परंतु वाढत्या फांदीला त्याचा आश्रय मिळाला नाही.

वाळूजच्या दृष्टीने येथे एक बारकावा आहे. गोदावरीच्या दक्षिणेस नेवासे तालुका मुंबई इलाख्यात होता आणि उत्तरेस गंगापूर तालुका निजामाच्या राज्यात. त्यामुळे मुंबईचे निर्णय एका तीरावर बंधनकारक होते, दुसऱ्या तीरावर नव्हते. १९४८ साली हैदराबाद राज्य भारतात आले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला. आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने दोन्ही तीरांवरील शेतकऱ्याला एकच नियम दिला. भोगवट्याच्या जमिनीतील झाडांवर धारकाचा हक्क हे तत्त्व तिच्या २५ व्या कलमात आहे.

फांदीबाबत प्रत्येक समाजाने इंग्रजांसारखाच विचार केला असे मात्र नाही. रोमच्या द्वादशफलक संहितेत झाडाच्या फांद्यांसाठी १५ फुटांची मर्यादा होती आणि तिचे कारण शेजारच्या शेतावर पडणारी सावली हे दिले जाई. आपला वसवा तो हाच. पलीकडे पडलेले फळ गोळा करण्यास तीच संहिता झाडमालकाला मुभा देते. फ्रेंच दिवाणी संहितेच्या ६७३ व्या कलमाप्रमाणे फांदी शेजाऱ्याने स्वतः तोडावयाची नसते. झाडमालकास ती तोडावयास लावता येते, आणि आपोआप पडलेले फळ शेजाऱ्याचे होते. फांदी मोडून पडल्यास भरपाई कोणी द्यावी याविषयी १९२६ चा इंग्लंडमधील एक निर्णय उद्बोधक आहे. रस्त्यावर आलेली बीच वृक्षाची फांदी एका मोटारगाडीवर कोसळली. परंतु दोष बाहेरून दिसण्याजोगा नसल्याने मालक जबाबदार ठरला नाही. त्याला ठाऊक असते तर निर्णय निराळा झाला असता. शेजाऱ्याने वाळलेली फांदी वेळीच, शक्य तर लेखी, निदर्शनास आणून देण्याचे महत्त्व यातून कळते.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूज येथे सुरू झाला. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी या गावांच्या रानांवर भूखंड व वसाहती उभ्या राहिल्या. भूखंडाची रेषा कागदावर आखली जाते. जुना बांध कोठे होता हे ती पाहत नाही. परिणामी बांधावरचे झाड नव्या भिंतीच्या अलीकडे अथवा पलीकडे, बहुधा अगदी लगत, राहते. येथे काळाचा क्रम उलटला आहे. स्मृतिकारांच्या व्यवस्थेत सीमा ठरवून तिच्या खुणेसाठी झाड लावले जाई. येथे झाड आधीपासून उभे आहे आणि सीमा त्याच्या सावलीत नंतर आखली गेली आहे. तरीही अतिक्रमण केल्याचा ठपका झाडावर येतो.

अलीकडील कायद्याने तोडणाऱ्याचा हात काहीसा आवरला आहे. १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा व चिंच यांचा समावेश आहे. १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षण अधिनियमात 'झाड तोडणे' याची व्याख्या इतकी व्यापक आहे की झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे तीत येते. म्हणजे ज्या क्षेत्राला तो लागू आहे तेथे फांदी तोडण्यापूर्वीही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी मागणे श्रेयस्कर. याज्ञवल्क्याचा दंड निराळ्या वेषात परत आला, असे कोणी म्हटल्यास त्याला फारसा विरोध करता येणार नाही. फरक इतकाच की आता साक्षीदार म्हणून नव्हे, तर सार्वजनिक हित म्हणून झाडाचे रक्षण होते.

आधी कोण आले हा प्रश्न विचारणारी एक तरतूद मात्र आढळते, आणि ती वृक्षांच्या कायद्यात नसून २००३ च्या वीज अधिनियमात आहे. त्याच्या ६८ व्या कलमान्वये तारांना अडथळा करणारे झाड कार्यकारी दंडाधिकाऱ्यास काढविता येते; परंतु ते झाड तारा ओढण्यापूर्वीचे असेल तर त्यात हितसंबंध असणाऱ्यास भरपाई द्यावी लागते. भिंतीच्या बाबतीत अशी तरतूद नाही. तारेच्या आधीचे झाड ओळखणाऱ्या कायद्याला भिंतीच्या आधीचे झाड का ओळखता येऊ नये, हा प्रश्न विधिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाताळण्याजोगा आहे. त्यासाठी जुने मोजणीनकाशे, पाहणीपत्रकांतील झाडांच्या नोंदी आणि भूखंडांचे आराखडे एकत्र ठेवून वाचावे लागतील. हे काम वाळूजसारख्या एका परिसरापुरते घेतले तर ते एका प्रबंधाच्या आवाक्यातील आहे.