विषाचें औषध कसें झालें

इ. स. १९६४ मध्यें प्राग येथें पिस्काला व शोर्म या रसायनशास्त्रज्ञांनीं अझासायटिडीन हें द्रव्य सिद्ध केलें. कर्करोगाच्या पेशी मारण्यासाठीं तें मोठ्या मात्रेंत देऊन पाहिलें. पण रोग्यांस तें सोसेना. पुढें जोन्स यांच्या प्रयोगांत उंदराच्या कांहीं पेशी या द्रव्यानें चक्क स्नायुरूप झाल्या! १९८० मध्यें जोन्स व टेलर यांनीं त्याचें मर्म उकललें. डीएनएवर मिथिल अणुसमूहाचा शिक्का बसला कीं जनुक बहुधा मुकें होतें. हें द्रव्य नव्या डीएनएवर तो शिक्का बसूं देत नाहीं. मग अल्प मात्रेनें रक्तमज्जेच्या विकारावर उपचार झाले, आणि २००४ मध्यें अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या चाचणींत इतर उपचारांनीं निम्मे रोगी १५ महिने जगले, तर याच्या योगानें २४.५ महिने. रोग समूळ गेला नाहीं. परंतु टाकाऊ ठरूं पाहणारें विष आयुष्य वाढविणारें औषध ठरलें.