प्लास्टिक ग्राइंडर : धार बोथटली की माल वाया

बादलीपासून मोटारीच्या बंपरपर्यंत प्लास्टिकची कोणतीही वस्तू साच्यातून बाहेर पडते, तेव्हा तिच्याबरोबर काही टाकाऊ भागही निघतो. साच्याच्या वाटेत गोठलेले ‘रनर’, अर्धवट भरलेले नग, यंत्र सुरू करताना निघालेले गठ्ठे हा सारा माल फेकून देणे कारखानदाराला परवडत नाही. तो कातरून पुन्हा वापरण्याजोगा करणारे यंत्र म्हणजे ग्रॅन्युलेटर. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत असो वा धारावीतील पुनर्प्रक्रियेच्या गाळ्यात, व्यवहारात त्याला ग्राइंडर असेच म्हटले जाते.

रचना साधी, काम कडक

यंत्राची रचना कात्रीसारखी असते. हॉपरमधून पडलेला माल फिरत्या रोटरवरील पाती आणि चौकटीत घट्ट बसवलेली स्थिर पाती यांच्यामध्ये कातरला जातो. खालच्या जाळीच्या छिद्रांतून जाण्याइतका तुकडा लहान होईपर्यंत तो आतच फिरत राहतो. जाळीची छिद्रे साधारणतः ६ ते १२ मिलिमीटरची असतात. दोन पात्यांमधील अंतर मात्र मिलिमीटरच्या काही दशांशांइतकेच, बहुधा ०.२ ते ०.३ मिलिमीटर ठेवले जाते. पातळ फिल्मसाठी ते आणखी कमी लागते. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा आणि अंतर फीलर गेजने मोजावे. अंदाजाने केलेली जुळवणी महागात पडते.

लक्षणांवरून निदान

चुऱ्यात भुकटीचे प्रमाण वाढले, तर पहिला संशय धारेवर घ्यावा. बोथट पाते प्लास्टिक कापत नाही, ते चेचते. त्यातून उष्णता व धूळ निर्माण होते. हीच धूळ पुढे मोल्डिंग यंत्रात दाण्यांच्या आधी वितळून करपते आणि तयार मालावर काळे ठिपके उमटतात. पात्यांमधील वाढलेले अंतर किंवा गरजेपेक्षा बारीक छिद्रांची जाळी हीदेखील भुकटीची कारणे आहेत.

जाळीवर माल वितळून चिकटत असेल, तर धार, जाळीची छिद्रे आणि खालून माल वाहून नेणारा मार्ग तपासावा. मार्ग तुंबला की कातरलेला माल आतच घुसळत राहतो. मोटर वारंवार ट्रिप होणे हे बहुतेक वेळा एकदम जास्त माल टाकल्याचे लक्षण असते. मोटर फिरते पण रोटर मंदावतो, अशा वेळी पट्टे सैल झालेले असतात. पट्टे बदलायचे तर संपूर्ण संच बदलावा. जुन्या-नव्या पट्ट्यांवर भार सारखा येत नाही. विजेच्या दुरुस्तीनंतर यंत्र अजिबात कापेनासे झाले, तर थ्री-फेज जोडणीत दोन फेजची अदलाबदल होऊन रोटर उलटा फिरत आहे का, हे आधी पाहावे. अचानक खडखडाट झाल्यास यंत्र तत्काळ बंद करावे. आत लोखंडाचा तुकडा किंवा सुटलेला बोल्ट असू शकतो. हॉपरपूर्वी बसवलेला चुंबक लोखंड अडवतो. पितळ व अॅल्युमिनियम मात्र त्याच्या तावडीतून सुटतात.

देखभालीचे नियम

माल टाकण्यापूर्वी रोटर पूर्ण वेगात आणावा आणि बंद करण्यापूर्वी आतील माल संपू द्यावा. पात्यांना धार लावताना पाणी किंवा कूलंट वापरावे, कारण तापलेल्या पात्याचा कडकपणा जातो. संचातील सर्व पाती एकत्र घासावीत, अन्यथा वजनातील फरकाने रोटर थरथरतो आणि बेअरिंग लवकर जातात. पात्यांचे बोल्ट टॉर्क पान्याने ठरावीक दाबाने आवळावेत. ताणलेले किंवा आटे झिजलेले बोल्ट पुन्हा वापरू नयेत.

माल बदलताना हॉपर, जाळी व रोटर पूर्ण साफ करणे आवश्यक असते. पेटच्या चुऱ्यात पीव्हीसीचे थोडे तुकडे राहिले तरी नुकसान होते. पेट सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळते; त्या तापमानाला पीव्हीसीचे विघटन होऊन आम्लयुक्त वायू सुटतो आणि संपूर्ण माल पिवळा-काळा पडतो.

हात गमावू नये म्हणून

या यंत्राचा सर्वांत मोठा धोका ते बंद केल्यानंतरचा आहे. वीज तोडल्यावरही जड रोटर काही काळ फिरत राहतो. तो थांबल्यावरही एक पाते सोडवताच तोल बदलून स्वतःच्या वजनाने गरकन वळू शकतो, आणि बोटे नेमकी तेथेच असतात. म्हणून मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी आणि रोटर लाकडी ठोकळ्याने अडवावा. झाकण उघडताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच तारेने बांधून निकामी करणे, हा वेळ वाचवण्याचा मार्ग नव्हे. ते अपघाताला निमंत्रण आहे. फिरत्या भागांना संरक्षक आवरण असावे, ही अट १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच घातली होती. आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जात असल्याने कानांचे संरक्षणही हवे.

अडकलेला तुकडा काढण्यास लागणारी १० मिनिटे उत्पादनात भरून काढता येतात. तुटलेली बोटे मात्र कोणत्याही यंत्रातून पुन्हा घडवता येत नाहीत.