कुलाब्याचा पाऊस आणि सांताक्रूझचा पाऊस

मुंबईच्या पावसाच्या नोंदी चाळताना 26 जुलै 2005 या तारखेपाशी माझे बोट दरवेळी अडते. चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्यास अवघा 74! एकाच शहराची ही दोन तऱ्हा. शहरात चारशेहून अधिक माणसे दगावली. जुनी गटारे तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीही समुद्राला ओहोटी असेल असे धरून! हा आकडा 50 करावा, असे 1993 च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने सुचविले होते. ते बारा वर्षे बहुतांशी कागदावरच राहिले. आपल्या रीतीला धरूनच झाले म्हणायचे!

पुरानंतर माधवराव चितळे यांची समिती बसली. पण मला अधिक मोलाचे वाटते ते दुसरेच काम. पवईच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक आणि पालिकेचे अभियंते एकत्र आले. पाऊस नेमका कुठे नि किती पडतो हेच ठाऊक नसेल, तर नाला रुंद करावा तरी किती? 2006 पासून शहरभर, अग्निशामक केंद्रांच्या गच्च्यांवर, स्वयंचलित पर्जन्यमापके बसू लागली. दर पंधरा मिनिटांनी आकडा हाती येऊ लागला. मिठीकाठच्या माणसाला तेवढ्या वेळात म्हाताऱ्या आईला माळ्यावर नेता येते.