फुलपाखरू, मुंगी आणि कुंपण

माझा पेशा संगणकाचा. आठवड्याचे पाच दिवस दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि शनिवारी कॅमेरा गळ्यात अडकवून रानोमाळ भटकायचं, हा गेली काही वर्षं माझा नेम. इंग्लंडचा उन्हाळा तसा दोन-तीन महिन्यांचाच, पण तेवढ्यात गवताळ टेकड्यांवर रानफुलं, भुंगे, चतुर आणि फुलपाखरं यांची नुसती झुंबड उडते. लेन्स लावून पोटावर पडलं की दोन-तीन तास कसे जातात कळत नाही. बायको म्हणते, ‘घरी एवढा वेळ एका जागी कधी बसला नाहीस!’

जूनमध्ये आई साताऱ्याहून आली होती. तिला घेऊन सॉमरसेटमधल्या कॉलर्ड हिल या टेकडीवर गेलो. नॅशनल ट्रस्टच्या ताब्यातली ही टेकडी ‘लार्ज ब्लू’ नावाच्या निळ्या फुलपाखरासाठी प्रसिद्ध आहे. साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंतच ते दिसतं. निळ्या पंखांवर काळे ठिपके असतात, पण कडक ऊन असलं की हा पठ्ठ्या पंख मिटून बसतो. पंख उघडलेला फोटो हवा असेल तर सकाळ किंवा ढगाळ हवा गाठावी लागते.

त्या दिवशी नशिबाने आभाळ आलं होतं. पायवाटेपासून दोन हातांवर एक मादी जांभळ्या फुलांच्या बुटक्या झुडपावर बसली आणि तिने पंख उघडले. मी वाट सोडून गुडघ्यावर बसलो. आठ-दहा फोटो काढले असतील नसतील, तेवढ्यात मागून एका वयस्कर स्वयंसेवक बाईंचा आवाज आला. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘तुमचा गुडघा तिच्या पिल्लांच्या जेवणावर आहे.’

मी ओशाळून उठलो. खाली वाईल्ड थाइम चिरडलं गेलं होतं. आईने वाकून ते बोटाने चोळलं, वास घेतला आणि म्हणाली, ‘अरे, हा तर ओवा!’ तिचं फारसं चुकलं नव्हतं. थाइम आणि ओवा या दोन्हींत थायमॉल हे द्रव्य असतं. पण बाईंचं वाक्य डोक्यातून जाईना. घरी आल्यावर या फुलपाखराचा इतिहास वाचून काढला, आणि तो आपल्या अंकासाठी लिहावासा वाटला.

इंग्लंडमध्ये लार्ज ब्लूची पहिली नोंद १७९५ सालची. एकोणिसाव्या शतकात फुलपाखरं जमवणं हा इथल्या सुशिक्षितांचा मोठा छंद होता. जाळीने पकडायचं, टाचणीने टोचायचं, पेटीत लावायचं. दुर्मिळ फुलपाखराला भाव जास्त, त्यामुळे लार्ज ब्लूच्या मागे सगळेच. हळूहळू एकेका टेकडीवरून ते नाहीसं होऊ लागलं, आणि दोष साहजिकच जाळीवाल्यांच्या माथी आला.

याच काळात कॅमेराही रानात येत होता. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी प्रत्यक्ष निसर्गात काढलेल्या फोटोंचं पक्ष्यांच्या घरट्यांवरचं पुस्तक १८९५ मध्ये प्रसिद्ध झालं. पक्षी बिचकू नयेत म्हणून हे भाऊ पुढे पोकळ बैलाच्या कातड्यात लपूनसुद्धा फोटो काढत! किड्यांचे फोटो त्याहून अवघड, कारण तेव्हाच्या काचेच्या प्लेटला उजेड भरपूर लागे आणि किडा काही स्थिर बसत नाही. १९४५ मध्ये ई. बी. फोर्ड यांचं ‘बटरफ्लाइज’ हे पुस्तक निघालं, त्यात सॅम्युअल बोफॉय यांनी काढलेले जिवंत फुलपाखरांचे रंगीत फोटो होते. पेटीतल्या टाचणीऐवजी फोटो काढा, म्हणजे जीव वाचेल, हा विचार पुढे रुजला. माझ्यासारखे हौशी लोक त्याच विचाराचे वारस. आपण काही मारत नाही, फक्त फोटो काढतो, अशी आमची समजूत.

पण जाळी कमी झाली तरी लार्ज ब्लू कमी होतच राहिलं. कारण त्याच्या आयुष्याचा मोठा भाग कुणाला दिसतच नव्हता. १९१५ च्या सुमारास चॅपमन, फ्रोहॉक आणि पर्फॉय या तिघांनी ते कोडं सोडवलं. मादी थाइमच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे फुलं खाते आणि मग जमिनीवर पडते. तिच्या अंगातून गोड रस पाझरतो, वास मुंगीच्या पिल्लासारखा येतो. लाल मुंगी तिला आपलंच पोर समजून वारुळात नेते. आत गेल्यावर ही पाहुणी मुंग्यांचीच पिल्लं खाऊ लागते! पुढचे दहा महिने तिथेच काढून, कोष करून, उन्हाळ्यात फुलपाखरू बाहेर येतं. पर्फॉय यांनी अक्रोडाच्या करवंटीत मुंग्या ठेवून या अळ्या वाढवल्या होत्या.

एवढं कळूनही फुलपाखरू वाचलं नाही. संग्राहकांना रोखण्यासाठी राखीव जागांना कुंपणं घातली गेली. त्या कुंपणांनी माणसं अडवली, पण गुरंही अडवली. गवत वाढलं. त्यात १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये आला आणि थोड्याच काळात बहुतेक ससे मेले. गवत कुरतडणारं कुणी उरलं नाही.

१९७२ मध्ये जेरेमी थॉमस हा तरुण संशोधक डेव्हन परगण्यातल्या शेवटच्या वसाहतींवर जाऊन बसला. सहा उन्हाळे त्याने मोजण्यात घालवले. अंडी किती, अळ्या किती, कुठल्या वारुळात किती जगल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर त्याने सगळा प्रोग्रॅम ओळीओळीने तपासला आणि चूक सापडली. लाल मुंग्यांच्या अनेक जाती आहेत आणि थाइमखाली पडलेली अळी त्यातली कुठलीही मुंगी उचलून नेते. पण या अळ्या चांगल्या जगतात त्या मर्मिका सॅब्युलेटी या एकाच जातीच्या वारुळात. या मुंगीला उबदार जमीन लागते. गवत थोडं जरी उंच झालं तरी जमिनीचं तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं आणि तिची जागा दुसऱ्या जातीची मुंगी घेते. वरून बघणाऱ्याला थाइम तेच, टेकडी तीच, मुंग्याही लालच. फरक फक्त बोटभर गवताचा.

उत्तर सापडलं, पण उशीर झाला होता. १९७९ मध्ये लार्ज ब्लू ब्रिटनमधून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

मग उलटी वाट धरली गेली. आधी टेकड्यांवर पुन्हा गुरं चारली, गवत आखूड केलं, मुंग्या वाढू दिल्या आणि १९८३ पासून स्वीडनमधून आणलेली फुलपाखरं सोडायला सुरुवात झाली. २००९ मध्ये थॉमस आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ग्लॉस्टरशायरमधल्या रॉडबरो कॉमनवर २०१९ मध्ये सुमारे ११०० अळ्या सोडल्या, त्यातून २०२० मध्ये अंदाजे ७५० फुलपाखरं निघाली. तिथे ते दीडशे वर्षांनी दिसत होतं. २०२२ च्या ब्रिटिश लाल यादीत या फुलपाखराची श्रेणी ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटाच्या जवळ’ अशी सुधारली.

हे सगळं आईला सांगत होतो. ती कासच्या पठाराजवळची. फुलं बघायला गर्दी लोटू लागली तेव्हा तिथेही कुंपण घातलं गेलं, आणि चराई थांबल्याने गवत माजतंय, फुलं कमी होतायत, अशी तक्रार गावकऱ्यांकडून आली. दोन्हीकडची माती वेगळी, पाऊस वेगळा, त्यामुळे इथलं उत्तर जसंच्या तसं तिथे लागू होईल असं मी म्हणणार नाही. आई एवढंच म्हणाली, ‘माणूस अडवायला कुंपण घातलं की म्हैसपण अडते रे. आधी म्हैस तिथे काय करत होती ते विचारायला नको का?’ थॉमसने सहा उन्हाळे घालवून हाच प्रश्न सोडवला होता.

त्या दिवशीचा सर्वांत चांगला फोटो आता आमच्या दिवाणखान्यात आहे. निळे पंख पूर्ण उघडलेले, ठिपके स्पष्ट. पाहुणे कौतुक करतात. मी त्यांना कोपऱ्यात दिसणारं वाकलेलं थाइम दाखवतो, ते माझ्या गुडघ्याने मोडलेलं. फुलपाखरू फोटोत दिसतं ते त्याच्या आयुष्यातले मोजके दिवस. बाकीचे दहा महिने ते आपल्या पायाखाली असतं, आणि तिथे माझा कॅमेरा पोचत नाही.

पुढच्या जूनमध्ये कुणाला यायचं असेल तर जरूर कळवा. गाडीत दोन जागा आहेत. फक्त पायवाट सोडायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.