बॉम्ब न फोडता बॉम्बचा मारा

८ जुलै १९६२. हवाई बेटांवर रात्रीचे अकरा वाजलेत. तिथून सुमारे १४५० किलोमीटर लांब, जॉन्स्टन बेटावरून अमेरिकेने एक हायड्रोजन बॉम्ब रॉकेटने वर पाठवलाय आणि तो ४०० किलोमीटर उंचीवर फुटतो. चाचणीचं नाव स्टारफिश प्राइम, ताकद १.४ मेगाटन. होनोलुलूत रस्त्यावरचे काही दिवे गेले, चोरघंट्या वाजायला लागल्या. दोनच दिवसांनी टेलस्टार हा दळणवळण उपग्रह वर गेला आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या इलेक्ट्रॉन्सनी काही महिन्यांत त्याची इलेक्ट्रॉनिक्स निकामी केली.

आता लष्कराच्या डोक्यात प्रश्न आला: शत्रूने असाच बॉम्ब वर फोडला, तर आपले उपग्रह आणि आपली अण्वस्त्रं टिकतील का?

अंतराळात हवा नाही, त्यामुळे धक्क्याची लाट नाही. बॉम्बची बहुतांश ऊर्जा एक्स-रेच्या रूपात सुटते. हे एक्स-रे धातूच्या कवचावर आदळले की वरचा पातळ थर क्षणात वाफ होऊन उडतो आणि त्याच्या उलट धक्क्याने आतल्या भागात हादरा जातो. शिवाय धातूतून इलेक्ट्रॉन उडतात, वायरिंगमध्ये नको तिथे करंट वाहतो. म्हणजे उपग्रह बाहेरून शाबूत दिसेल, पण आत सर्किट मेलेलं!

१९६३च्या कराराने हवेतल्या आणि अंतराळातल्या चाचण्या बंद झाल्या. मग सगळं जमिनीखाली गेलं. आणि इथे इंजिनिअरिंग जबरदस्त आहे. नेवाडातल्या रेनियर मेसा डोंगरात बोगदा खणायचा, एका टोकाला बॉम्ब, तिथून शेकडो मीटर लांब, रुंद होत जाणारा, हवा काढून घेतलेला पाइप. पाइपच्या दुसऱ्या टोकाकडे तपासायची उपकरणं. किरणं प्रकाशाच्या वेगाने पुढे जातात, वितळलेला मलबा मागून येतो. या दोघांमधल्या फटीत, काही मिलिसेकंदांत, पोलादी दारं धाडकन बंद व्हायला हवीत. १९८६च्या ‘मायटी ओक’ चाचणीत ही अडवणूक फसली आणि महागडी उपकरणं खराब झाली.

१९८० साली ‘ह्युरॉन किंग’मध्ये तर उपग्रहाची प्रतिकृतीच एका टाकीत ठेवली होती. पाइप उभा, बॉम्ब खाली. स्फोटानंतर वरची जमीन खचायच्या आत ती अख्खी टाकी दोरखंडाने ओढून बाजूला काढली. हा जुगाड नाही तर काय!

सप्टेंबर १९९२मध्ये ‘हंटर्स ट्रॉफी’ ही अशी शेवटची चाचणी झाली, आणि पाच दिवसांनी ‘डिव्हायडर’ ही अमेरिकेची शेवटची अणुचाचणी. पण शस्त्रं तशीच होती, त्यातले सुटे भाग बदलत होते. नवीन भाग तपासायचा कुठे?

उत्तरांपैकी एक म्हणजे लेझर. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरमध्ये नॅशनल इग्निशन फॅसिलिटी आहे, १९२ लेझर झोत, २००९ला तयार. काही मिलिमीटरची पातळ डबी घ्यायची. आत क्रिप्टॉन किंवा झेनॉन वायू, नाहीतर भिंतीला धातूचा थर. सगळे झोत त्यात घुसले की आतला पदार्थ कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि एक्स-रे ओकतो. मूलद्रव्य बदललं की एक्स-रेची ऊर्जाही बदलते. तपासायचे तुकडे थोड्या अंतरावर, समोर गाळणी. कारण इथेही किरणं हवीत, मलबा नको. बोगद्यातलीच अडचण, फक्त टेबलावर आलेली.

गंमत म्हणजे एका वेळची लेझर ऊर्जा साधारण २० लाख ज्यूल, म्हणजे जेमतेम अर्धा किलो टीएनटी. पण ती सेकंदाच्या अब्जांश भागांत सुटते आणि नमुना अगदी जवळ असतो, म्हणून मारा तीव्र होतो. मर्यादाही मोठी आहे: अख्खा उपग्रह त्यात मावत नाही. आमच्या भाषेत, युनिट टेस्ट होते, इंटिग्रेशन टेस्ट नाही. उरलेलं कॉम्प्युटर कोडवर सोडायचं, आणि कोड लिहिणारा म्हणून सांगतो, मला ते जरा धाकधुकीचंच वाटतं.

यात भारत येतो १९९६ला. जिनिव्हात सर्वंकष चाचणीबंदी कराराची बोलणी चालू असताना आपल्या प्रतिनिधी अरुंधती घोष ठाम उभ्या राहिल्या. भारताचा एक आक्षेप हाच होता की स्फोट बंद, पण प्रयोगशाळेत शस्त्रं सुधारायची वाट मोकळी. त्यावेळी अनेकांना हा हेकटपणा वाटला. पण बघा, क्लिंटन यांनी सप्टेंबर १९९६मध्ये करारावर सही केली आणि मे १९९७मध्ये याच लेझर केंद्राचं बांधकाम सुरू झालं. घोषबाईंचा मुद्दा हवेतला नव्हता.

५ डिसेंबर २०२२ला तिथे २.०५ मेगाज्यूल लेझर टाकून ३.१५ मेगाज्यूल फ्यूजन ऊर्जा मिळाली. आपल्याकडच्या बातम्यांत ‘स्वच्छ विजेचं स्वप्न’ वगैरे झळकलं. पण केंद्राचा मुख्य खर्च उचलणारं खातं अमेरिकेची अण्वस्त्रं सांभाळणारं आहे, आणि त्या फ्यूजनमधून सुटणारे न्यूट्रॉन हे इलेक्ट्रॉनिक्सवर मारून बघण्यासाठी त्यांना हवेच होते.